मागचं अंतर

सौमित्रने टायर बदलले ते भीतीपोटी. हौस म्हणून नव्हेच. त्याच्यासारख्या माणसाला गाडीची हौस कसली? कवठे महांकाळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचं, सांगलीहून सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. गाडी म्हणजे त्याला चाकं लावलेली खुर्ची होती. पण आदल्या पावसाळ्यात अंकलीजवळ उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलात त्याची गाडी घसरली, पुरी आडवी झाली आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मागे त्याची बायको स्वानंदी आणि लेक बसल्या होत्या. एसटीवाल्याने कशी सावरली त्यालाच ठाऊक. घरी आल्यावर स्वानंदीने आधी लेकीला निजवलं. मग म्हणाली, "ते टायर बदल. चांगल्यातले चांगले बसव. मला पुन्हा असं नको."

सांगलीतल्या दुकानदाराने रुंद, बसके, मऊ रबराचे टायर काढून दाखवले. वेगाच्या गाड्यांसाठी बनवलेले. "सर, हे रस्ता सोडतच नाहीत," तो म्हणाला.

खरोखरच सोडत नव्हते. पण त्याची झळ रोज सोसावी लागे. टायरच्या बाजूची भिंत एवढी आखूड की लहानसा खड्डाही थेट मणक्यात जाई. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा सुरू झाला की गाडीत असा घुमणारा आवाज भरे की रेडिओ मोठा करावा लागे. मऊ रबरात बारीक खडी रुतायची आणि गाडी हळू झाली की टकटक वाजायची. गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली. सहकारी चिडवत, "काय सौमित्रराव, शर्यतीत उतरणार काय?" तो हसून सोडून देई. एकदा मोकळा रस्ता बघून, मागेपुढे कुणी नाही अशी खात्री करून त्याने मुद्दाम जोरात ब्रेक मारून पाहिला. गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. पट्टा छातीत रुतला. सौमित्र एकटाच होता, तरी त्याला हसू फुटलं. त्या दिवसापासून तो निर्धास्त झाला.

शिरढोणच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्याची धनाजीशी ओळख झाली. धनाजी मिरजेच्या बेकरीतून पाव, खारी, बटर उचलायचा आणि मोटरसायकलच्या मागे भलामोठा पत्र्याचा पेटारा बांधून गावोगावच्या दुकानांत पोचवायचा. तिशीचा, सडपातळ, सतत बोलणारा गडी. थंडीत समोरून बोचरं वारं सुटे, तेव्हा तो सौमित्रच्या गाडीची वाट बघत थांबायचा आणि तिच्या मागे लागायचा.

"तुमच्या गाडीच्या मागं वारं लागत न्हाई सर," तो म्हणायचा. "आडोसा मिळतोय चांगला."

"अरे, पण इतका जवळ राहू नकोस. मला भीती वाटते."

"न्हाई ओ. माझा पाय ब्रेकवरच आसतोय की."

एकदा चहा पिता पिता तो टायरांपाशी उकिडवा बसला, अंगठ्याने रबर दाबून पाहिलं. "लय मऊ हाय की सर! लोण्यावानी." सौमित्रने त्याच्या मोटरसायकलकडे बघितलं. मागच्या टायरवरची नक्षी पार पुसून गेली होती. "तुझा बघ आधी," सौमित्र म्हणाला, "गोटा झालाय नुसता. बदलून घे." धनाजी मान हलवून म्हणाला, "घेतो सर. पुढच्या म्हयन्यात घेतोच बगा." आणि किक मारून निघाला.

ती सकाळ माघातली होती. ऊन कोवळं, रस्ता कोरडा. आरशात धनाजी दिसत होता. कानाला मफलर बांधलेला, पेटारा त्याच्या डोक्याहून वर. दुभाजकात एका ठिकाणी गावच्या लोकांनी जाण्यायेण्यासाठी फट पाडली होती. तिथून डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक म्हातारी एकदम रस्त्यात उतरली. पेंढीमुळे तिला बाजूचं काही दिसतच नव्हतं.

सौमित्रने ब्रेक दाबला. विचार करून नव्हे, पायानेच दाबला. टायर एकदाच चिरकले आणि गाडी उभी राहिली. म्हातारी बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. तिने पेंढी सावरली, गाडीकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पुढे चालू लागली.

थांबली! सौमित्रच्या छातीत आनंदाची अशी लाट उसळली की त्याला ओरडावंसं वाटलं. वाचली म्हातारी. थांबली गाडी. तो श्वास पुरा सोडतो न सोडतो तोच मागून धडाका बसला. मागची काच फुटून आत आली आणि पाठोपाठ पत्रा घसटत जाण्याचा लांबलचक आवाज ऐकू आला.

तो उतरला तेव्हा रस्ताभर पाव विखुरले होते. मोटरसायकल आडवी पडली होती, तिचं चाक अजून फिरत होतं. धनाजी दुभाजकाला लागून उताणा पडला होता, डोळे उघडे. रक्त फारसं नव्हतं. सौमित्र त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"धनाजी! ऐकू येतंय का? हलू नकोस."

"सर," धनाजी म्हणाला, "माझं पाय कुठं हायत बगा बरं."

पाय जागेवरच होते. एका पायातली चप्पलही होती.

मिरजेच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन धनाजीच्या बायकोला, शिवांजलीला समजावून सांगितलं. तिला ते कळेना, म्हणून ती सौमित्रकडे बघू लागली. मग डॉक्टर तेच सौमित्रला सांगू लागले, आणि त्याने तिला सांगितलं : मणका तुटलाय, कमरेखाली जाणीव राहणार नाही. सांगताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "म्हंजे कवा चालतील?" त्याला पुन्हा सांगावं लागलं.

पोलीस आले, त्यांनी विचारपूस केली, फोटो काढले. "तुमची काही चूक नाही सर," हवालदार अगदी आपुलकीने म्हणाला. "मागच्याने अंतर ठेवायचं असतं. तुम्ही उलट एक जीव वाचवलात." महाविद्यालयात सगळे हेच म्हणाले. विमा कंपनीचा माणूसही हेच म्हणाला. गाडीचा मागचा भाग नवा होऊन आला, त्यावर ओरखडाही उरला नाही. सौमित्रला वाटे, कुणीतरी एकाने तरी म्हणावं की चूक तुझी. मग निदान ती मान्य करता आली असती.

धनाजीला घरी आणल्यावर तो भेटायला गेला. मळ्याकडेच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत कॉट टाकली होती. शिवांजली त्याला कुशीवर वळवत होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसभर वळवत राहावं लागे. सौमित्र मदतीला पुढे झाला, पण नेमका कुठे हात लावावा ते त्याला कळेना. शिवांजलीनेच म्हटलं, "ऱ्हाऊ द्या सर. मला सवं झालीया. तुमी बसा."

धनाजीचं बोलणं कमी झालं होतं, तरी पुरतं थांबलं नव्हतं. छताकडे बघत तो म्हणाला, "मी लय इचार केला सर. पडल्या पडल्या दुसरं काय हाय? तुमचा लाल दिवा लागला तवाच मी बी ब्रेक दाबला. खरं सांगतो, तवाच दाबला. तुमची गाडी थांबली आन् माझी यीतच ऱ्हायली."

सौमित्र कॉटच्या जवळ सरकला.

"जीपच्या मागं आसतो, टेंपोच्या मागं आसतो, तर त्यो बी घसरत गेला आसता, मी बी घसरत गेलो आसतो. तुमी लय झटकन थांबला सर."

"आणि ती म्हातारी, धनाजी?"

"व्हय. ती गेली आसती." धनाजीने डोळे मिटले. "तुमाला बोल न्हाई लावत मी. नुसतं सांगतोय."

चहा आला. तो न पिऊन चालणार नव्हतं. सौमित्रने तो कसाबसा घशाखाली घातला. निघताना काही लागलं तर कळवा असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. काय लागणार होतं ते समोरच पडलं होतं, आणि ते त्याच्यापाशी नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्याने स्वानंदीला सांगितलं, "मी ते टायर काढून टाकतो. साधे बसवतो."

स्वानंदीने हातातला घास ताटात ठेवला. "का?"

"रस्त्यावर सगळे जसे थांबतात तसं मीही थांबावं."

"म्हणजे उशिरा? पुढे माणूस असला तरी?" तिचा आवाज चढला. "त्या दिवशी जुने टायर असते तर तू त्या बाईच्या अंगावर गाडी घातली असतीस. आज तिच्या घरी तोंड दाखवायला गेला असतास. आणि अंकलीला काय झालं ते विसरलास? पोरगी मागे बसली होती, सौमित्र."

"विसरलो नाही."

"मग?"

त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानापर्यंत गेला. समोर गाडी उभी केली, खाली न उतरता आतच बसून राहिला. दुकानदाराने काचेतून ओळखून हात केला. यानेही हात केला आणि गाडी वळवून परत आला.

आता तो फार जपून चालवू लागला. पुढे बघण्यापेक्षा आरशात जास्त बघायचा. मागे कुणी दुचाकीवाला आला की वेग कमी करून, हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगायचा. एक गेला की दुसरा यायचा. हळू चालवलं तर मागचे हॉर्न वाजवून हैराण करायचे, भरभर चालवलं तर आणखी जोरात मागे लागायचे. पुढचं अंतर त्याच्या हातात होतं. मागचं त्याच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात होतं त्याला त्याचं भान नव्हतं.

चैत्रात परीक्षेच्या कामासाठी त्याला जतला जावं लागलं. नागजच्या पुढे रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना उघडे माळ, मधूनच एखादा पाण्याचा टँकर. आरशात एक मोटरसायकल आली. तरुण जोडपं होतं. बाईच्या मांडीवर तान्हं पोर, पदराखाली झाकलेलं. वाऱ्याला गाडीचा आडोसा मिळावा म्हणून असेल, पण ते अगदी मागे चिकटून येत होते. सौमित्रने हात काढून पुढे जायची खूण केली. समोरून टँकर येत होता, म्हणून ते गेले नाहीत.

तेवढ्यात डाव्या बांधावरून मेंढरांचा कळप उतरला. मोठी मेंढरं कडेला थबकली. एक कोकरू थांबलं नाही. ते टुणकन रस्त्यात आलं.

वेळ होता. गाडी थांबली असती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पायाखालच्या त्या टायरांसकट ठाऊक होतं. पाय ब्रेकवर गेला, थोडासा दाबला, आणि नजर आरशात गेली. पदर, पदराखालचं ते गाठोडं. पाय तिथेच राहिला, पुढे दाबला गेला नाही. उजवीकडे टँकर, डावीकडे सगळा कळप. पुढच्या चाकाखाली काहीतरी मऊ आलं आणि गेलं.

तो पुढे जाऊन कडेला थांबला. मोटरसायकल शेजारून निघून गेली. त्या बाईने वळून मागे रस्त्याकडे बघितलं आणि मग याच्याकडे, रागाने.

मेंढरांचा मालक पळत आला. बिराप्पा त्याचं नाव. मागून आलेल्या त्याच्या बायकोने हाक मारली तेव्हा कळलं. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. त्याने कोकरू उचललं. त्याची मान लोंबत होती.

"दिसलं न्हाई व्हय तुमाला?" बिराप्पा ओरडला. "एवढा रस्ता सरळ हाय. दिसलं न्हाई?"

"दिसलं."

"मग? ब्रेक न्हाई गाडीला?"

सौमित्रने मागे बघितलं. रस्ता रिकामा होता. मोटरसायकल पार चढ ओलांडून दिसेनाशी झाली होती. दाखवायला काही नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

बिराप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. शिवी देईल असं वाटलं, दिली नाही. सौमित्रने खिशाकडे हात नेला तसा त्याने मान हलवली आणि पाठ फिरवली. "दिसलं म्हनतोय," तो बायकोला सांगत होता, "दिसलं, तरीबी घातली अंगावर." कळपातली एक मेंढी त्याच्या हाताकडे मान वर करून ओरडत मागे मागे चालली होती.

फोन वाजू लागला. जतला सगळे त्याची वाट बघत होते. सौमित्र गाडीत बसला, पट्टा लावला, आरसा सारखा केला. मागून दूरवर आणखी एक दुचाकी येताना दिसली. तिला पुढे जाऊ द्यावं म्हणून तो थांबून राहिला. तिच्या मागे आणखी एक होती, आणि तिच्याही मागे जीप.