हूडने पाहिलेला ढग

मी एक जुना हूड आहे.

थांबा. आधी हूड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला स्वेटशर्टची टोपी वाटेल. मित्रांनो, टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात ना, तसाच मी, फक्त वैमानिकासाठी. पांढरं प्लॅस्टिक आणि मागे इलॅस्टिकची पट्टी. मला कपाळावर चढवलं की विमानाबाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या तबकड्या तेवढ्या दिसतात.

उंची. वेग. दिशा.

ढगात शिरल्यावर याच तबकड्यांवर विमान चालवावं लागतं. त्याचा सराव माझ्या आडून करतात, आणि शेजारी दुसरा वैमानिक बसून बाहेर लक्ष ठेवतो. त्यामुळे आकाश मी फारसं पाहिलेलं नाही. माणसांचे हात मात्र पुष्कळ पाहिलेत. घाबरलेला हात मला लगेच ओळखू येतो.

इंग्लंडमधल्या एका दुकानातून नीलांबरीने मला विकत घेतलं. मूळची ती नाशिकची. इंग्लंडमध्ये संशोधन करता करता ती विमान शिकली आणि ढगातून उडण्याची मोठी परवानगीही तिने मिळवली. तिला इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. तिचे शिक्षक म्हणायचे, "हिचा हात बघा, चहाचा कप धरल्यासारखा!" ते ऐकून मीही फुगायचो.

मग ती अमेरिकेत आली. मिशिगनमधलं ॲन आर्बर. विद्यापीठ, प्रयोगशाळा, लेक आन्या, गुडघाभर बर्फ. रेटिंग जिवंत ठेवायला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. एक वर्ष ती राहून गेली. दुसऱ्या वर्षीही राहिली. मी बॅगेत, मोज्यांखाली. बुरशीचा एक ठिपका माझ्या कडेला आला. रेटिंग संपलं तेव्हा कसलाही आवाज झाला नाही.

ती उडत होती, पण फक्त स्वच्छ हवेत.

आणि मग ऑक्टोबरमधला तो रविवार.

तो मला सरळ सांगता येत नाही. तुकड्यांत सांगतो.

तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्या बघून दोघी परत निघाल्या होत्या. विमानात तिसरं कुणी नव्हतं. मागच्या सीटवर आन्या, वय नऊ. तिने मला बॅगेतून उपसून स्वतःच्या डोक्यावर घातलं. मी तिला मोठा. नाकापर्यंत घसरलो.

"आई, लुक, आय ॲम अ हॉर्स!"

"हो ग राणी." नीलांबरीचं लक्ष नव्हतं. समोर ढग उतरत होते. परत फिरायला जागा होती, मित्रांनो. पण तिच्या तोंडून हळूच निघालं, "एवढासा तर आहे. पूर्वी किती केलेत."

पांढरं.

सगळीकडे पांढरं. मला कडांमधून तेवढंच कळलं की उजेड बदलला. इंजिनाचा आवाज चढू लागला. नीलांबरी काचेतून बाहेर बघत होती, मान पुढे काढून, जणू रस्ता सापडेल. तिचं शरीर तिला सांगत होतं की आपण सरळ चाललोय. ढगात शरीर खोटं बोलतं. हे तिला पाठ होतं. पाठ असून ती बाहेरच बघत होती.

उंची कमी. वेग जास्त. दिशा फिरतेय.

आन्याला मात्र बाहेरचं दिसतच नव्हतं. माझ्यामुळे. तिला माझ्या खालून, दोन सीटांच्या फटीतून एकच तबकडी दिसत होती, वर निळी म्हणजे आकाश, खाली तपकिरी म्हणजे जमीन.

"आई," ती म्हणाली, "द ब्लू इज फॉलिंग ओव्हर."

नीलांबरीने खाली पाहिलं. निळा भाग खरंच एका बाजूला कलंडला होता. विमान वळत वळत खाली चाललं होतं.

तिचे हात मी तेव्हा पाहिले. कप धरल्यासारखे नव्हते. बुडणाऱ्या माणसाने दोर धरावा तसे होते.

तिने विमान सरळ केलं. वेग उतरवला. ढगाखाली आलो तेव्हा झाडं इतकी जवळ होती की आन्याने मला कपाळावर सरकवून पानांचा रंग सांगितला. उतरल्यावर नीलांबरीने इंजिन बंद केलं. आन्याने मला काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आय डोन्ट वॉना गो अगेन."

त्यानंतर आन्या विमानात बसली नाही. विमानतळावर यायची, पण गाडीतून उतरायची नाही.

नीलांबरीला उन्हाळ्यात नोकरीसाठी पुन्हा इंग्लंडला जायचं होतं. तिथे मोठ्या रेटिंगखाली एक लहान परवानगी असते. थोड्या ढगात, गर्दीच्या हवाई हद्दीबाहेर, अडचणीतून सुखरूप खाली येण्यापुरती. जुनं संपलेलं रेटिंग दाखवून आणि परीक्षा देऊन ती मागता येते. तिने तोच अर्ज भरला.

तिच्याबरोबर सरावाला शंतनू यायचा. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, हौशी वैमानिक, जिभेला हाड नसलेला.

"यार, पीएचडी झाल्यावर कुणी बारावीला बसतं का? डायरेक्ट मोठंच रिन्यू कर ना!"

"बसतं. बारावीचं विसरलं असेल तर बसतं."

"आणि हे इथे अमेरिकेत चालतसुद्धा नाही, माहितेय ना?"

"माहितेय. तू बाहेर बघ. तुला तेवढ्यासाठी आणलंय."

तो हसला. मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं आणि तो बाहेर बघू लागला. त्यानंतर त्याने एकही शनिवार चुकवला नाही.

मार्चमध्ये ब्रिटिश परवान्यांचे एक म्हातारे परीक्षक फ्लोरिडाहून आले. मी कपाळावर होतो. तिचा घाम माझ्या पट्टीत उतरत होता. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले, विमान मुद्दाम वेडंवाकडं केलं आणि म्हणाले, "आता तुम्ही."

तिने डोळे उघडले. हात हलले नाहीत. एक क्षण. दोन. मला वाटलं, संपलं.

मग ती मोठ्याने बोलू लागली, इंग्रजीत, अडखळत. "मला वाटतंय आपण डावीकडे पडतोय. तबकडी म्हणते उजवीकडे. मी घाबरलेय. मी तबकडीचं ऐकते."

विमान सरळ झालं.

खाली आल्यावर परीक्षकांनी विचारलं, की इतकं येतंय तर मोठ्या रेटिंगची परीक्षा का नाही दिली? तिने ऑक्टोबरचा रविवार त्यांना सांगितला. सगळा. त्यांनी सही केली.

आन्या गाडीत होती. काच खाली झाली.

"डिड यू पास?"

"हो. लहानवाली."

"सो नाऊ वी कॅन गो इन क्लाउड्स?"

"नाही. इथे तर मुळीच नाही. तिकडेही थोड्याच. आणि मला भीती वाटली तर थोड्याही नाही."

आन्याने आईचा चेहरा नीट पाहिला. मग दार उघडून खाली उतरली.

"गुड," ती म्हणाली, आणि विमानाकडे चालू लागली.

त्या दुपारी आभाळ निरभ्र होतं, असं सगळे म्हणत होते. मी बॅगेत होतो, पुसून ठेवलेला, विमानाच्या मागच्या सीटवर आन्याशेजारी. मला अजून भीती वाटते, मित्रांनो. प्लॅस्टिकला वाटू नये, पण वाटते. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. पूर्वी छान जमत असलेलं एखादं काम तुम्ही पुष्कळ दिवसांत केलं नसेल, पोहणं असेल नाहीतर गाडी चालवणं, तर कुणाला मागे बसवण्याआधी ते एकदा उथळ पाण्यात, रिकाम्या रस्त्यावर करून बघा. आणि हात कापले, तर शेजारच्याला तसं सांगा.