पॅसेजमधला सेन्सर

माझं तोंड फाटकं आहे. बायको म्हणते, या तोंडापायी गिऱ्हाइकं तुटतात. पण त्या घरात जिथे ते उघडायला हवं होतं, तिथे मी ते बंद ठेवलं.

घरांना चोरांपासून राखायला भोंगे नि कॅमेरे बसवणं हा माझा धंदा. लोक दारावर कॅमेरा मागतात, खिडकीला सेन्सर मागतात. या साहेबांनी दारं-खिडक्या उरकल्यावर मला आत नेलं आणि पॅसेजमध्ये बोट दाखवलं. "एक इथे. या खोलीच्या दाराकडे तोंड करून."

"साहेब, खोलीच्या आतून चोर कसा येईल?"

"चोर नाही हो. बाबा आहेत."

बाबा आत पलंगावर बसून सगळं ऐकत होते. साहेबांनी आवाज खाली करायचीही तसदी घेतली नाही. दोघं नवरा-बायको सकाळी नऊला दुकान उघडायला जातात ते रात्रीच येतात, आठवड्याचे सातही दिवस. मागे म्हाताऱ्याकडून स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिला, पाणी खालच्या मजल्यावर गेलं, भांडणं झाली. म्हणून आता त्यांनी खोलीतच राहायचं. "आत बाथरूम आहे, टीव्ही आहे, डबा ठेवतो, थर्मास ठेवतो. अजून काय पाहिजे माणसाला?"

असं म्हणणाऱ्याला त्याच खोलीत दिवसभर कोंडावं आणि विचारावं, काय रे बाबा, अजून काय पाहिजे? पण सोसायटीचे सेक्रेटरी हेच. बाकीच्या घरांची कामं यांच्याच शब्दावर मिळणार होती. मी मूग गिळले आणि ड्रिल काढलं.

मी स्टुलावर चढलो तर स्टूल धरायला आजोबाच आले. हळूच म्हणाले, "हॉलच्या खिडकीपर्यंत गेलेलं चालेल ना?" खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, एक मास्तर राहायचे. रोज अकरा वाजता हे इकडून चहाचा कप उचलायचे, ते तिकडून. मधे रहदारी, त्यामुळे बोलणं शून्य. बारा वर्षं हेच. "तेवढं राहू दे, बाकी मला काही नको," म्हणाले. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते.

सेन्सर बसला की समोरून चालून बघावं लागतं. त्यावरचा लाल दिवा लागला, म्हणजे त्याला माणूस दिसला. साहेब म्हणाले, "बाबांनाच चालू दे, त्यांनाही कळेल. भोंगा पण वाजवा." आजोबा दोन पावलं आले, दिवा लागला, आणि भोंगा असा कोकलला की म्हातारा कानांवर हात ठेवून खालीच बसला. साहेब हसले. "बघितलंत ना बाबा? माझ्या फोनवर पण येतं हं. दुकान टाकून यावं लागेल मला."

माझं डोकंच फिरलं. साहेब फोनवर बोलत गॅलरीत गेले, तेवढ्यात मी पॅसेजचा सेन्सर नुसता नोंदीवर टाकला. कोण कधी आलं-गेलं ते यंत्र लिहून ठेवणार, पण भोंगा वाजणार नाही आणि साहेबांच्या फोनवरही काही जाणार नाही.

आजोबांना मात्र सांगितलं नाही. म्हटलं, म्हातारी माणसं भोळी, रात्री पोराला सांगून मोकळी होतील आणि माझी पुढची कामं बोंबलतील. उद्या बाहेर येतील, वाजत नाही हे त्यांचं त्यांनाच कळेल. घरी जाऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याची हिंमतच झाली नाही तर?"

"तू गप गं. तुला यातलं काय कळतं?"

चार महिन्यांनी साहेबांचा फोन आला, भोंग्याची बॅटरी उतरली होती. गेलो तर माझ्या पाठीवर थाप. "तुमचा माल एक नंबर! बाबा पाऊल टाकत नाहीत बाहेर." मला कामाला लावून ते खाली सोसायटीच्या ऑफिसात गेले.

मी आधी नोंदी उघडल्या. चार महिन्यांत, दोघं दुकानावर असताना, पॅसेजच्या फक्त दोन नोंदी. एक मी बसवून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची, अकराला पाच कमी. एक गेल्या महिन्यातली.

मान वर केली, सेन्सरवरचा लाल दिवा माझ्याकडेच बघत होता, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चालून बघितलं की तो लाल दिवा बंद करायचा असतो. या धंद्यातला पहिला धडा तो. मी घाईत तसाच जाऊ दिला होता. म्हातारा पाऊल टाकणार, दिवा लागणार, म्हातारा माघारी.

आजोबा पलंगावर पाय सोडून बसले होते. पाय सुजलेले. मी म्हटलं, "आजोबा, हे मी आज बंद करून जातो. कुणाला सांगू नका. बिनधास्त जा खिडकीत."

"आता कुणाला बघायला?" ते म्हणाले. "मास्तरांना मुलगी घेऊन गेली. कायमची. सूनबाई त्या दिवशी दुकानाला निघताना म्हणाली, बाबा, समोरचे मास्तर आज अकराला चाललेत. मी दारात आलो. एक पाऊल टाकलं, तो लाल झाला. मग चौकटीला धरून उभा राहिलो. खाली टेम्पोत सामान चढवल्याचा आवाज येत होता. टेम्पो गेला तरी उभाच होतो."

मी हातातली बॅटरी खाली ठेवली.

"मास्तरांनी खिडकीकडे बघितलं असेल हो. म्हणाले असतील, म्हातारा खपला वाटतं."

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "एक विचारतो. खरं सांग. मी चटकन गेलो असतो, नुसता हात करून आलो असतो, तरी वाजलं असतं ना?"

"हो आजोबा," मी म्हटलं. "वाजलंच असतं."

"मग बरं झालं गेलो नाही ते," ते म्हणाले, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.