फाटकाला कुलूप

शिकागोच्या पश्चिमेकडे, टाउनहाउसच्या एका वसाहतीत सुमेधा राहायची. शेजारचं मुलांचं मैदान तिनेच आखलेलं. बागांची आखणी हाच तिचा पेशा. मैदान सार्वजनिक होतं, पण मागच्या भाड्याच्या इमारतींतल्या मुलांना तिथे यायची सुरक्षित वाट वसाहतीच्या फाटकातून जायची. ते फाटक तिने भांडून ठेवून घेतलं होतं.

"बाहेरची पोरं येतात, गोंगाट करतात," वसाहतीच्या असोसिएशनचे अध्यक्ष गुरुनाथकाका म्हणायचे. फाटक कायमचं बंद करायचं का, यावर गुरुवारी मतदान होतं.

"काकांच्या विरोधात जाऊ नकोस यार," श्रीरंगने, तिच्या नवऱ्याने, बजावलं होतं. "नवे आलो तेव्हा त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिलोय आपण."

ते खोटं नव्हतं.

मंगळवारी ती ऑफिसातून लवकर निघाली. मोठ्या रस्त्याच्या वळणावर तिने करकचून ब्रेक दाबला. लोटून टाकलेल्या बर्फाखाली फुटपाथ बुजला होता आणि एक मुलगी धावत्या गाड्यांच्या अगदी कडेने स्ट्रोलर ढकलत होती. मैदानावर रोज दिसणारी लुसिया. स्ट्रोलरमध्ये तिचा तान्हा भाऊ. चाक चिखलबर्फात रुतलं होतं, हलता हलत नव्हतं.

सुमेधाने गाडी त्यांच्यामागे तिरकी घातली, दिवे लुकलुकत ठेवले आणि खाली उडी मारली.

"इकडून का आलीस?"

"गेट इज लॉक्ड," लुसिया रडत म्हणाली.

मतदानाआधीच? मागे हॉर्नचा गिल्ला झाला. एका गाडीतून गुरुनाथकाकाच तावातावाने उतरले.

"वेड लागलंय का तुला? भर रस्त्यात गाडी आडवी?"

"काका, कुलूप कुणी लावलं?"

"मी. बर्फात कुणी घसरलं तर आपल्याला कोर्टात खेचतील."

"आणि इथे हिला कुणी उडवलं असतं तर?"

"आईने एकटं पाठवू नये."

"आई कामावर असते, काका. आणि मैदान हिचंही आहे."

तेवढ्यात एक ट्रक घोंघावत गेला. वाऱ्याने स्ट्रोलर कलंडला. काकांनी झेप घेऊन दांडा धरला; बाळ टाहो फोडून रडू लागलं. बराच वेळ त्यांनी दांडा सोडला नाही.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून सुमेधाकडे न बघता पुढे केली. "आजच्यापुरतं."

गुरुवारी मतदानाच्या सभेत सुमेधा बोलायला उभी राहिली. श्रीरंग खाली बघत होता. तिने रस्त्यावर काय घडलं ते सांगितलं, काकांचं नाव मात्र घेतलं नाही. काका ठामपणे म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही." पण हात वर झाले ते फाटक उघडं ठेवण्यासाठी, जेमतेम बहुमताने.

संक्रांतीला काकांच्या घरी, त्यांच्या बायकोचं, शोभनाकाकूंचं, हळदीकुंकू असायचं. यंदा बोलावणं आलं नाही. सुमेधा तिळगूळ घेऊन स्वतःच त्यांच्या दारात गेली. काकूंनी तिला घट्ट जवळ घेतलं.

आत टीव्ही चालू होता. काका बाहेर आले नाहीत.

"थोडा वेळ जाऊ दे गं," काकू म्हणाल्या.

सुमेधाने काकांच्या वाटणीचे लाडू वेगळे काढून काकूंच्या हातावर ठेवले.