अंगणातले लाल थेंब

मी एक मोटार. लांब, पांढरी आणि तुमच्या इकडच्या गाड्यांपेक्षा निराळी. माझं स्टिअरिंग डाव्या हाताला आहे. लग्नात पुढं बसायचा हट्ट धरणारा प्रत्येक नवरदेव आधी चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहायचा आणि वऱ्हाड हसायचं. असं हसू मी पुष्कळ ऐकलं आहे. पण आज जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. बोटीतून मुंबईला आणि तिथून हैदराबादच्या एका नवाबी घराण्यात मी आले. पुढं त्यांचे दिवस पालटले, माणसं पांगली आणि मला सेलू तालुक्यातल्या माणिकरावांनी विकत घेतलं. त्यांचं गाव वालूरपासून थोडं आत. नाव सांगत नाही. चांगली माणसं तिथंही आहेत.

माझं एक गुपित होतं, आणि ते गुपित आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या इंजिनाशेजारी एक लहानसा पंप आहे. चाक वळवताना तो तेल दाबतो आणि ड्रायव्हरच्या हाताला जोर देतो. म्हणून माझं एवढं धूड एका बोटानं वळतं. आसपास अशी दुसरी गाडी नव्हती. आणि त्या पंपातलं तेल काळं नसतं, लालभडक असतं.

ते साल एकोणऐंशी. विद्यापीठाच्या नामांतरावरून आदल्या वर्षी मराठवाड्यात जाळपोळ झाली होती. आमच्या गावात काही जळलं नाही, पण माणसं एकमेकांशी जपून बोलू लागली होती. बौद्ध वस्तीतल्या बायकांनी गावातली कामं हळूहळू सोडली. एकटी कडूबाई यायची. माणिकरावांचा गोठा झाडायची, शेण काढायची. गावातल्या कितीतरी बायकांच्या बाळंतपणात ती सुईण म्हणून राबलेली.

माझा ड्रायव्हर भुजंग. आधी जीप चालवायचा; असला पंप त्यानंही कधी पाहिलेला नव्हता. भल्या पहाटे तो मला अंगणातून काढायचा. फाटक अरुंद, म्हणून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवावं लागायचं. त्या क्षणी पंपाच्या पाइपावर सगळ्यात जास्त ताण येतो. पाइप जुना, रबर जिथं धातूला जोडलं होतं तिथं फुगलेलं. एके दिवशी तिथून दोन-चार थेंब खाली पडले.

धुरपताबाई, म्हणजे माणिकरावांची पत्नी, नुकताच सडा घालून रांगोळी आणायला आत गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा मी निघून गेले होते. ओल्या सड्यावर लाल थेंब होते, आणि गोठ्याकडून कडूबाई शेणाची पाटी घेऊन येत होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. त्याच आठवड्यात गाभण म्हैस गाभडली.

"कडे, हे काय हाय गं?" धुरपताबाईंनी विचारलं.

कडूबाईनं वाकून थेंबाला बोट लावलं. "अक्का, रगत मी काय पहिल्यांदा बघायलेय का? रगत वाळतंय, काळं पडतंय. हे वाळंना झालंय."

"वाळंना? मंग तर लयच वाईट!"

खरं सांगणारीचं बोलणं असं तिच्यावरच उलटलं. शेजारचा चंद्रभान कुंपणावरून ऐकत होता. तो गावाला हसवणारा माणूस. त्याची जीभ कुणालाच आवरायची नाही. "भानामती हाय वैनी," तो म्हणाला. "आधी रगत, मंग दगडं, मंग अंगावर बिबव्याच्या फुल्या. आमच्या मामाच्या गावात असंच झालं. बाईला हाकलली तवा थांबलं."

गाडीकडे कुणाचं लक्ष कसं गेलं नाही, असं तुम्ही म्हणाल. मोटारीचं तेल काळं असतं हे गावातलं शेंबडं पोर जाणत होतं. ट्रॅक्टरचं काळं, जीपचं काळं, इंजिनाचं काळं. लाल गळतं ते रक्तच.

मी फाटकापाशी उभी राहून सगळं ऐकत होते. मला हॉर्न आहे, तोंड नाही.

चावडीवर माणसं बसली आणि भानामती कडूबाईचीच, असं ठरवून उठली. कडूबाई आली की लोक दारं लोटून घेऊ लागले. तिच्या सावलीतून पोरांना ओढून घेऊ लागले. त्यातली काही पोरं जन्मली तेव्हा पहिल्यांदा तिच्याच हातात आली होती. वस्तीतले लोक तिच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा प्रकरण एका बाईपुरतं उरलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मागच्या साली वस्ती वाचली, औंदा वाचंल का?" ते ऐकून कडूबाईनंच गाठोडं बांधलं. "माझ्यापायी पोराबाळांची घरं नका जाळून घेऊ," एवढं म्हणून ती लेकीकडं चुडाव्याला गेली.

ती गेली त्याच दिवशी इकडं माझं तेल संपत आलं. पंप कण्हू लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. भुजंगानं टायरांत हवा भरली, सांध्यांना ग्रीस दिलं. उपयोग शून्य. सेलूच्या स्टँडवर त्याचा दोस्त बन्सीधर टॅक्सी लावायचा. तो म्हणाला, "भुजंग्या, तुझी मेमसाब बाळंत व्हायलीय का रं? नुसती कण्हायलीय."

"गप ए. खाली बघू दे."

भुजंगानं रॉकेलच्या फडक्यानं माझं पोट पुसून लख्ख कोरडं केलं, खाली जुनं पांढरं धोतर अंथरलं आणि तो आडवा झाला. "चालू कर. आता वळीव. अजून. पार शेवटाला!" बन्सीधरनं चाक वळवून धरलं. रबराच्या सांध्यातून एक लाल मणी फुगला, लोंबला आणि धोतरावर पडला.

भुजंग कितीतरी वेळ तसाच पडून राहिला.

"का रं, मेला का?" बन्सीधर वाकला.

"मी न्हाई," भुजंग म्हणाला. "एका बाईला मारलं आमी."

माणिकरावांना त्यानं धोतर दाखवलं. ते वाईट नव्हते. पण चावडीत सगळ्यांदेखत त्यांनीही मान डोलावली होती. ते म्हणाले, "दुरुस्त करून आण. अन् तोंड उघडू नको. गाव माझ्यावर हसंल."

परभणीत ट्रॅक्टरच्या तेलाचे पाइप बनवणारं एक दुकान होतं. तिथं जुन्या मापाचा नवा पाइप तयार झाला, टोकं दाबून बसवली गेली. हैदराबादहून लाल तेल मागवलं. पुढची चाकं जॅकवर उचलून भुजंगानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. आतली हवा बुडबुड्यांनी निघून गेली आणि माझं कण्हणं थांबलं. मला बरं वाटलं. याची आजही लाज वाटते.

कारण दुसऱ्या दिवशी सडा स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशीही. आणि चंद्रभान गावभर सांगत सुटला, "बघा! कडी गेली अन् रगत थांबलं. बोललो न्हवतो?"

माझी दुरुस्ती तिच्याविरुद्धचा पुरावा झाली.

भुजंग दोन दिवस जेवला नाही. मग बाजारच्या दिवशी त्यानं मला मारुतीच्या पारासमोर आणून उभं केलं. "धुरपताक्का, हितं सडा टाका," तो म्हणाला. त्यांना काही कळेना, पण त्यांनी शेणपाण्याची बादली आणली. भुजंगानं पान्यानं नव्या पाइपाचा नट किंचित सैल केला, इंजिन चालू केलं आणि चाक शेवटपर्यंत वळवून धरलं. मी गळले. आयुष्यात प्रथमच मला गळायचं होतं. ओल्या सड्यावर लाल थेंब पडत राहिले.

धुरपताबाईंनी वाकून थेंबाला बोट लावलं. "हेच," त्या म्हणाल्या. "असेच व्हते."

चंद्रभान पुटपुटला, "तेल लाल बी असतंय, हे आमाला काय ठावं?" या वेळी कुणी हसलं नाही.

माणिकराव पुढं आले. "किल्ली दे," एवढंच म्हणाले. भुजंगानं नट आवळला, हात पुसले, किल्ली दिली आणि तो सेलूच्या रस्त्याला लागला.

धुरपताबाईंनी चुडाव्याला निरोप धाडला. कडूबाई आली, पण भांडीकुंडी न्यायला. धुरपताबाई वस्तीपर्यंत चालत गेल्या नि तिला फाटकापर्यंत घेऊन आल्या. तिचा हात धरून म्हणाल्या, "चुकलं माझं. ऱ्हा गं बाई. सगळ्यांना कळलंय आता."

कडूबाईनं हात सोडवून घेतला. रागानं नाही, हळूच. "थेंब तेलाचे निघाले म्हनून मी सुटले, अक्का. खरंच रगताचे निघाले असते तर?"

कडूबाईनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती माझ्याजवळून गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर मला फारसं कुणी चालवलं नाही. डाव्या हाताची ही अवजड गाडी नव्या ड्रायव्हरला जमेना. टायर बसले, काचांवर धूळ चढली, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. तेल आतल्या आत आटून गेलं. आता गळायलाही काही उरलेलं नाही.

वाचणाऱ्या माणसा, तुझ्या दारात काही पडलेलं दिसलं, कशाचं ते कळलं नाही, तर घाबर; घाबरण्यात पाप नाही. पण कुणाच्या घराकडं बोट दाखवण्याआधी गुडघे टेकून एकदा खाली बघ. आणि जे सापडेल ते रक्त असलं, तरीही बोट खालीच ठेव.