वर्षाच्या आत

दाराशी कुणीतरी चपला काढल्या तेव्हा हौसराव चहात खारी बुडवत होते. बाहेर दोन म्हातारे उभे होते. पुढं म्हस्कू, हातात स्टीलचा मोठा डबा. मागं ज्योतिबा, चौफुल्याला बस बदलताना गुडघा धरला म्हणून कुरकुरत.

"दाजी, फराळ आणलाय," म्हस्कू म्हणाला. "औंदा तुमच्यात कढई चढायची न्हाई."

खरं होतं. त्यांची बायको सुलक्षणा श्रावणात गेली होती, आणि दुखवट्याच्या घरी दिवाळीचं तळण करत नाहीत, माहेरच्यांनी आणायचं असतं. पण सुलक्षणाला माहेरी कुणी उरलं नव्हतं. म्हस्कू तिच्या गावचा, मानलेला भाऊ. दर भाऊबिजेला ती शिरूरहून दौंडला जाऊन त्याला ओवाळून यायची. हौसराव कधी बरोबर गेले नाहीत. एका खोलीत संसार मांडून बसलेल्या ह्या दोन पुरुषांबद्दल लोक काय बोलतात ते त्यांच्या कानावर होतं. तिथं कशाला जातेस म्हणून विचारलं की ती म्हणायची, "भाऊ हाय माझा." विषय संपला.

आता विचारायला तीच नव्हती.

"बसा," हौसराव म्हणाले.

आतून त्यांचा मुलगा सत्यजीत आला, त्याच्यामागं आयुष. दोघं सणसवाडीला एकाच कंपनीत होते, एकाच खोलीत राहायचे. तीन वर्षं झाली, सत्यजीत सणाला घरी आला की आयुष बरोबर असायचाच. पोरगा कामसू. सुलक्षणाच्या आजारपणात तिला भरवायला तोच बसायचा. यापलीकडं हौसरावांनी त्याची चौकशी कधी केली नव्हती.

"बरं झालं आलात," ते म्हस्कूला म्हणाले. "मामा म्हणून तुम्हीच सांगा ह्याला. पाटसची पोरगी हाय, डी.एड. झालेली. त्यांना आज फोन करायचाय. वर्षाच्या आत उरकलं तर उरकलं, न्हाईतर तीन वर्षं लगीन करता येत न्हाई. तवर मी असंन का?"

"मी नाही म्हणून सांगितलंय, आप्पा."

"का न्हाई, ते सांग की! दुसरी हाय का कुणी? जातीबाहेरची असली तरी चालंल म्हणलो मी. आता आणखी काय म्हणू?"

सत्यजीतनं मान खाली घातली. म्हस्कू डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. ज्योतिबा मात्र हसला.

"दाजी, लग्नाचं आमच्याकडनं वदवून घेता व्हय? चाळीनं मीटिंग घेतली होती आमच्यासाठी. दोघं बायका करा, न्हाईतर खोली सोडा म्हणले."

"मग?"

"मग काय. ह्यो थरथरत होता. मी उभा राहिलो आन् म्हणलो, बायका न्हाई करायच्या, खोली बी न्हाई सोडायची. किती दिवस नळावर पाणी भरू दिलं न्हाई. मारलं बी एकदा."

"एकदा?" म्हस्कू म्हणाला. "दोनदा दात पडला तुझा."

"दुसरा किडका होता."

पोरं हसली. हसावं की नाही ते हौसरावांना कळेना.

"पण त्याचा माझ्या पोराशी काय संबंध?"

मग सत्यजीत जमिनीकडं बघतच म्हणाला, "आप्पा, बारावीच्या वर्षी मी जेवणखाण सोडलं होतं. तुम्हाला वाटलं, परीक्षेची भीती. आईनं ओळखलं. काही बोलली नाही, मला एसटीत बसवलं आणि मामांकडं नेलं. आम्ही जेवलो, परत आलो. येताना म्हणाली, 'बघितलंस? अशी माणसं म्हातारी बी होतात. एकमेकाला वाढतात, भांडतात.' एवढंच."

हौसरावांना शब्द सगळे कळले. त्यांची मोट मात्र बांधता येईना. अशी माणसं म्हणजे हे दोघं. पण त्यात सत्यजीत कुठं बसतो?

"मामा," आयुष म्हणाला, "तेव्हा तुम्ही खोली सोडली असती तर आम्ही कुणाकडं बघितलं असतं?"

म्हस्कूनं उपरण्यानं तोंड पुसलं. "आम्ही काय केलं रं? राहिलो फक्त."

मग पोरं पुढं झाली. सत्यजीत उजवीकडं, आयुष त्याच्या डाव्या हाताला. खांद्याला खांदा लावून दोघं एकाच वेळी म्हाताऱ्यांच्या पायाशी वाकले.

हौसराव बघत राहिले. मित्र असे पाया पडत नाहीत. आधी एक पडतो, मग दुसरा. हे असं वाकणं त्यांनी मांडवातच पाहिलं होतं. नव्या नवरानवरीला बाया दटावतात, एकेकट्यानं नको, जोडीनं पडा.

ज्योतिबानं दोघांच्या डोक्यावर एकेक हात ठेवला. "आमच्या पाया आजवर कुणी जोडीनं पडलं न्हाई," तो म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता.

"आता वडिलांच्या," म्हस्कू म्हणाला.

पोरं वळली, पण जागची हलली नाहीत. हौसरावांचा हात मांडीवरून उठला आणि परत मांडीवर आला. पाटसला काय सांगायचं? सुलक्षणानं आपल्याला हे कधी सांगितलं कसं नाही? की दर भाऊबिजेला निघताना ती तेच सांगत होती?

"आयुष," त्यांनी हाक मारली. पोरगा दचकला. "असा समोर बस."

तो सतरंजीवर मांडी घालून बसला. हौसरावांनी घसा साफ केला, टोपी नीट केली.

"गाव कोणतं तुमचं? घरी कोण कोण असतं?"