आडवी मान

सप्टेंबर लागला की आमच्या खेड्यात घरोघरी अंगणात लाल मिरच्या भाजायला घेतात. पंजाएवढ्या मांसल मिरच्या पत्र्यावर काळ्या पडल्या की गरम असतानाच सोलायच्या, नाहीतर साल निघत नाही. पेंकाच्या अंगणात हे काम तिची सून रुम्याना करी आणि पेंका खुर्चीत बसून शेजारणीला ऐकवी, "बघ, बोटांवर फुंकर तरी घालते का? हिला चटका लागतच नाही गं. नातू झाला ना, तेव्हा ह्या कानाची त्या कानाला खबर नाही. बाळ रडलं तेव्हा कळलं, मोकळी झाली म्हणून!"

रुम्यानाला चटका चांगला लागत होता. पण न विव्हळणारी सून आमच्या गावात दागिन्यासारखी मिरवली जाते, आणि दागिन्याला कोण विचारतो? बाईनं दुखणं गिळावं ही इथली रीत. ती इतकी अंगात मुरली आहे की तिची घाणसुद्धा कुणाला येत नाही.

शहरातल्या डॉक्टर कारामफिलोव्हना मात्र ती बरोबर हेरता आली. कारखाना बंद पडल्यापासून पैसे घेऊन नव्या औषधांच्या चाचणीला अंग द्यायचं, असा आमच्या गावात 'निरोगी माणूस' हा एक धंदाच झाला होता. रुम्यानाचा नवरा स्तोइल कुठल्या कुठल्या गोळ्या गिळून यायचा, आधीच्या गोळ्यांबद्दल दडवायचा आणि घरी येऊन दोन दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता डॉक्टरांना बायका हव्या होत्या. ते स्वतः पेंकाच्या घरी आले, घरी गाळलेल्या राकिया दारूचा पेला हातात घेऊन ऐसपैस बसले.

"बाळ पाजताना आईच्या अंगात जे पाझरतं ना, त्याच्यासारखंच औषध आहे, आजी. नाकात फवारायचं. त्यानं वेदना कमी होते का, एवढंच बघायचंय. निरोगी आणि जरा सोशिक बायका द्या."

"सोशिक?" पेंका हसली. "आमच्या घरातनंच न्या की!"

त्याच बैठकीत दुसरी गोष्टही ठरली. पेंकाची लेक वेस्का पोटुशी होती, पहिलटकरीण. मूल आडवं होतं, म्हणून पोट उघडूनच बाळंतपण करावं लागणार होतं. ही चाचणी जमली, तर पुढे ऑपरेशन झालेल्या बाळंतिणींना नेहमीच्या इंजेक्शनाऐवजी हाच फवारा देऊन बघायचा होता. पेंकानं वेस्काचं नाव तिथल्या तिथं देऊन टाकलं. वेस्का शेजारच्या खोलीत बाळाचं टोपडं विणत होती. तिला विचारायला कुणी उठलं नाही.

दवाखान्याची गाडी सकाळी यायची आणि गावच्या बायका भरून न्यायची. आत एकेकीच्या नाकात फवारा मारत. कुणाला औषध, कुणाला नुसतं मीठपाणी, आणि कुणाला काय ते सांगत नसत. मग तोंडात श्वास मोजायची नळी कोंबत आणि हात कोपरापर्यंत बर्फाच्या पाण्यात घालायला लावत. परदेशातून आलेला एक गोरापान, सभ्य डॉक्टर समोर बसून विचारायचा, नर्स आमच्या भाषेत सांगायची, "दुखतंय का?"

तोंडात नळी. उत्तर मानेनंच द्यायचं.

रुम्यानाच्या हाडांत सुया घुसत होत्या. तिनं जगाआड का होईना, एकदा खरं सांगायचं ठरवलं आणि मान आडवी हलवली. आमच्याकडे मान आडवी हलवली की 'हो', आणि वर झटकली की 'नाही'. बारशापासून आम्ही हेच करतो. परदेशी डॉक्टर खूश झाला, त्यानं काहीतरी लिहिलं. मागे उभ्या असलेल्या कारामफिलोव्हनी रुम्यानाकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि ते हसले.

परतताना गाडीत बायकांना हसू आवरेना.

"मी बाई त्याच्या रीतीनं हलवली, टीव्हीवर हलवतात तशी!"

"आणि मी आपली आपल्या रीतीनं!"

"म्हणजे तुला दुखलं की नाही गं?"

"मेले दुखून! पण त्याच्या वहीत मी ठणठणीत!"

सगळ्या खो खो हसल्या. रुम्यानाही हसत होती. मग कारामफिलोव्हांचं हसू आठवलं आणि तिनं हसणं आवरतं घेतलं. ह्या माणसाचा जन्म आमच्याच गल्लीतला. 'हो' म्हणताना त्याची स्वतःची मान आडवीच हलते.

दुसऱ्या खेपेला परदेशी डॉक्टर तिच्याशी हात मिळवून बोलला आणि नर्सनं सांगितलं, "म्हणतायत, मागच्या वेळी तुम्हाला अजिबात दुखलं नाही. फार छान गुण आला."

"मी तर हो म्हटलं होतं."

नर्सनं खाली पाहिलं. कारामफिलोव्ह रुम्यानाचा दंड धरून तिला बाहेरच्या बोळात घेऊन आले.

"काय चाललंय?"

"डॉक्टरसाहेब, त्यांना उलटं कळलंय. तुम्ही सांगा ना."

"कशाला? उद्या ते इथून गाशा गुंडाळून गेले तर तुझा नवरा खाणार काय? गाव काय खाणार?"

"आणि आमची वेस्का? पोट चिरल्यावर तिच्या नाकात मीठपाण्यासारखं काहीतरी मारणार तुम्ही, आणि वर म्हणणार दुखत नाही?"

"सोसेल की," ते घड्याळ बघत म्हणाले. "तुम्हा बायकांना सवय असते. तुझी सासूच सांगत होती."

हे वाक्य कुठल्या अडाण्याचं असतं तर रुम्यानानं सोडून दिलं असतं. भिंतीवर पदव्या टांगलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना तिला शिसारी आली. सासूचा तो सगळा कौतुकसोहळा, लग्नकार्यात सांगितलेल्या त्या बढाया, ते सगळं गोळा करून ह्या माणसानं आपलं काम साधलं होतं. आणि त्याला हा माल पुरवला होता तिच्याच मिटलेल्या तोंडानं.

ती मुकाट्यानं आत गेली. नाकात फवारा मारून घेतला, नळी तोंडात घेतली, हात बर्फात घातला. परदेशी डॉक्टरनं विचारलं. नर्स हळूच म्हणाली, "दुखतंय का?"

रुम्यानानं नळी थुंकली आणि ती ओरडली.

आयुष्यात ती पहिल्यांदाच ओरडली, त्यामुळे तिला ते नीट जमलंही नाही. आवाज फाटला, चिरकला, बोळातून बाहेरच्या बाकांवर बसलेल्या बायकांपर्यंत गेला. परदेशी डॉक्टर खुर्ची पाडून उठला. त्यानं तिचा लाल झालेला हात पाण्यातून ओढून काढला आणि कारामफिलोव्हना काहीतरी विचारलं. कारामफिलोव्ह म्हणाले, ती घाबरली आहे. तेवढ्यात नर्सला काय झालं कोण जाणे, ती परदेशी भाषेत भराभरा बोलू लागली आणि बोलता बोलता स्वतःची मान आडवी, उभी, पुन्हा आडवी हलवून दाखवू लागली. परदेशी डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

गाडी बायकांना घेऊन परत येण्याआधीच बातमी गावात पोचली होती. पेंका फाटकातच उभी होती.

"ओरडलीस म्हणे?"

"हो."

"परक्या पुरुषांसमोर? आता तोंड कुठं दाखवू मी? तो डॉक्टर आता उंबरा तरी चढेल का आपला? आणि वेस्काचं काय?"

वेस्का पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "आई, माझं नाव काढून टाक."

"गप गं! तुला काय कळतंय?"

"वहिनीला बर्फानं एवढं दुखलं. माझं तर पोट कापणारेत. मला इंजेक्शन हवं."

"हे हिनं भरवलंय तुझ्या डोक्यात!" पेंका गर्रकन वळली आणि तिनं रुम्यानाच्या थोबाडीत लगावली.

कुंपणापलीकडे शेजारीपाजारी हातातलं काम टाकून बघत होते. अंगणात मोटार दुरुस्त करत पडलेला स्तोइल तिच्याखालून बाहेर आला आणि तिथंच थिजला. आता काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं: रुम्याना गाल न चोळता आत जाईल, चूल पेटवेल, आणि उद्या पेंका सांगेल, बघा, हूं की चूं केलं नाही.

"दुखलं, सासूबाई," रुम्याना म्हणाली. कुंपणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, आणि मग शेजाऱ्यांकडे वळून पुन्हा एकदा सांगितलं, "दुखलं मला."

पेंकाचा हात हवेतच राहिला. वेस्का कठड्याला धरून उठली, पोट सावरत खाली आली आणि वहिनीचा हात धरून म्हणाली, "चल, गाडी अजून चौकातच उभी असेल. मला माझ्या तोंडानं नाही म्हणून यायचंय."