एकाच घासणीचं सागवान

आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ह्यांनी ती जुनी बोट घेतली, म्हणजे सवत माझ्याआधीच घरात आलेली. सुट्टी उजाडली की हे धक्क्यावर, आणि संध्याकाळी अंगाला लाकडाच्या तेलाचा वास घेऊन परत. चौतीस वर्षं मी नाक मुरडत ह्यांचे कपडे वेगळे धुतले.

यंदा ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कप बशीवर वाजतो आणि मी न ऐकल्यासारखं करते. बोटीचा सागवानी डेक करडा पडून ठिकठिकाणी काळवंडला होता, पण तो घासायचं काम ह्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. धक्क्यावरच्या सुताराने फळी चाचपून पाहिली.

"साहेब, घासून घासून पातळ झालंय. आता एकच घासणी निघेल. मग स्क्रूची डोकी वर येतील."

घरी येऊन हे म्हणाले, "विकून टाकतो. शेवटच्या घासणीला असला हात नको."

सवत जाणार म्हणून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मेलं जेवण अर्ध्यावर टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी मी बाह्या सरसावल्या आणि डेकवर जाऊन गुडघे टेकले. "अहो, कुठून सुरू करू?"

"तुला जमायचं नाही."

"तुमच्याशी संसार जमला. हे काय जमणार नाही?"

ह्यांनी पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळून दिला. "लाकडाच्या रेघेने जायचं. आडवा हात मारायचा नाही."

तीन दिवस हे मास्तरासारखे डोक्यावर उभे होते. करड्याखालून मधाचा रंग वर यायला लागला, तसा माझाही जीव त्यात अडकला. ह्यांना मी सांगितलं नाही, उगाच शेफारले असते.

चौथ्या दिवशी केबिनच्या दाराशी, ह्यांच्याशी भांडायच्या भरात माझा हात आडवा गेला. चांगला वीतभर ओरखडा.

"अजून थोडं घासलं तर?"

ह्यांनी बोटाने चाचपलं. "नको. खाली स्क्रू आहे."

इतकी वर्षं जिवापाड जपलेलं लाकूड, आणि मी चार दिवसांत त्याला जन्माची खूण केली. मी माफी मागणारी बाई नव्हे, पण मागितली.

ह्यांनी तेलाचा डबा आणि फडकं माझ्यापुढे सरकवलं. तेल लागताच सगळा डेक उजळला. ओरखडा तेवढा अधिकच गडद झाला. मग मात्र मला रडू आवरेना.

हे गुडघे धरत शेजारी बसले. "आडवी रेघ तेल जास्त पिते. पुढच्या वर्षी तिथे कमी लाव."

"पुढच्या वर्षी? तुम्ही तर विकणार होतात."

"आता असली ओरखडे पडलेली बोट घेणार कोण?"